वयस्क मांजराची भूक : एक दुर्लक्षित संदेश

घरात मांजर असले की जेवणाची वेळ कळण्यासाठी घड्याळ पाहावे लागत नाही. दूधवाल्याची चाहूल लागताच ते पायांत घोटाळू लागते आणि मासळीची पिशवी उघडण्याआधीच ओट्याखाली हजर असते. वर्षे सरतात, मुले शिक्षण-नोकरीनिमित्त परगावी जातात, घर शांत होते. मांजर मात्र आपल्या जागी असते. आणि एके दिवशी त्याच्या वाटीतील अन्न तसेच राहते. ‘आता वय झाले, भूक मंदावणारच,’ असे म्हणून वाटी उचलली जाते. नेमकी येथेच चूक होते.

वार्धक्य हा आजार नव्हे. साधारणपणे १० वर्षांचे मांजर माणसाच्या पंचावन्न-साठीत असते, तर १५ वर्षांचे पंचाहत्तरीत, असे मानले जाते. या वयात हालचाल मंदावते, झोप वाढते. परंतु भुकेत ठळक बदल झाला, तर त्यामागे एखादे कारण असण्याचीच शक्यता अधिक. मांजर वेदना लपविण्यात निष्णात असते. ते कण्हत नाही, तक्रार करीत नाही. त्यामुळे त्याच्या प्रकृतीची पहिली वार्ता बहुधा वाटीच देते.

भूक मंदावते तेव्हा

दात व हिरड्यांचे विकार हे एक नेहमीचे कारण होय. असे मांजर भुकेले असते, वाटीपाशी येते. पण घास तोंडातून पाडते, मान वाकडी करून एकाच बाजूने चावते किंवा अन्न हुंगून मागे फिरते. याउलट, अन्न समोर येताच तोंड फिरविणारे आणि वारंवार ओठ चाटणारे मांजर बहुधा मळमळीने त्रस्त असते. वयस्क मांजरांत सर्रास आढळणारा मूत्रपिंडाचा जुनाट विकार असाच हळूहळू भूक हिरावतो. पाणी पिणे व लघवीचे प्रमाण वाढणे, ही त्याची आधीची खूण.

मांजराच्या खाण्यात गंधाला मोठे महत्त्व आहे. गोड चव तर त्याला कळतच नाही. त्यासाठी लागणारे एक जनुक मांजरांत निकामी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच साध्या सर्दीने नाक चोंदले, तरी त्याचे अन्नावरून मन उडते. सांधे दुखत असतील, तर उंचावर ठेवलेल्या वाटीपर्यंत पोहोचणेही त्याला जड जाते. अशा वेळी भूक नव्हे, वाट अडलेली असते.

भूक वाढते तेव्हा

भूक वाढली की घरात आनंद होतो. ‘म्हातारपणी बाळसे धरणार,’ असे कौतुकही होते. परंतु मांजर अधाशासारखे खात असूनही वाळत चालले असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. गळ्यातील अवटू ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास शरीराचा चयापचय भरधाव सुटतो. खाल्लेले अंगी लागत नाही, हृदयावर ताण येतो आणि मांजर बेचैन होते. रक्ततपासणीने सहसा याचे निदान होते व गोळ्यांनी तो आटोक्यात ठेवता येतो. मधुमेहातही भूक व तहान वाढून वजन घटू शकते. केवळ ‘छान खाते’ एवढ्यावर निश्चिंत राहणे म्हणूनच योग्य नव्हे.

उपवास नको

एकादशीचा उपवास माणसाला मानवतो, मांजराला नाही. अन्न तुटले की शरीरातील चरबी यकृताकडे धाव घेते व तेथे साचून यकृतच निकामी होऊ लागते. स्थूल मांजरांना हा धोका अधिक असतो आणि काही दिवसांच्या उपासातच तो उद्भवू शकतो. म्हणून वयस्क मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, तर ‘उद्या पाहू’ न म्हणता पशुवैद्यकाला दाखवावे. तोवर बळजबरीने घास कोंबू नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेले कालवणही त्याला अपायकारक असते.

खाण्याची इच्छा थोडी असेल, तर अन्न अंगाच्या उबेइतके कोमट करावे, म्हणजे त्याचा गंध दरवळतो. एकदम पुष्कळ न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. वाटी पसरट असावी, ती शांत जागी, जमिनीवर ठेवावी. पाणी घरात दोन-तीन ठिकाणी असावे.

वजनाचे पासबुक

खात्यातील शिल्लक जशी अंदाजाने सांगता येत नाही, तसे मांजराचे वजनही नजरेने कळत नाही. दाट केसांखाली ते लपून राहते. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटले, तर घरच्यांच्या लक्षातही येत नाही. पण ६० किलोच्या माणसाचे ६ किलो घटण्यासारखेच ते आहे. यासाठी दर पंधरा दिवसांनी तान्ह्या मुलांच्या काट्यावर त्याचे वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. सोबत खाणे, पाणी, उलटी व लघवी यांची एकेका ओळीची नोंद असावी. मुके जनावर जे सांगू शकत नाही, ते ही वही पशुवैद्यकाला सांगते. वयस्क मांजराची वर्षातून दोनदा तपासणी करून घेणे हितावह.

सर्वच आजार बरे होतात असे नाही. मूत्रपिंडाची झीज भरून येत नाही. तथापि, वेळीच कळल्यास योग्य आहार व औषधांनी मांजराला बरा काळ सुखाने जगविता येते. उशीर झाल्यास मात्र हाती केवळ हळहळ उरते.

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. त्याच्या म्हातारपणी मात्र डोळे मिटतात ते बहुधा आपलेच. वर्षानुवर्षे उंबरठ्यावर आपली वाट पाहणाऱ्या या सोबत्यासाठी ते उघडे ठेवणे, एवढे तर आपल्याला जमायला हवे.