बेणं एकच, मग उगवण निराळी का?

सोयरीक जुळवताना बावड्यात काय, इंदापूर-बारामतीत काय, एक चौकशी हमखास दबक्या आवाजात होते. जमीन किती, ऊस किती, मुलाला नोकरी कुठे, हे चारचौघांत विचारतात. 'त्यांच्यात कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता का हो?' हे मात्र मध्यस्थाला बाजूला घेऊन. चुलता 'तसा' निघाला, की स्थळ बारगळलं. अशा चुलत्याला अनेकदा स्किझोफ्रेनिया असतो. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी खात्री पटते, माणूस माणसांतून उठतो.

हा आजार खरंच घराण्यातून येतो का? येतो. पण कसा येतो ते पाहू लागलं, की चक्रावायला होतं.

आधी आकडे बघा. एकूण लोकांत हा आजार आयुष्यात कधीतरी होतो शंभरात साधारण एकाला. आई किंवा वडील आजारी असतील, तर मुलांमध्ये शंभरात १०च्या आसपास. दोघेही असतील, तर ४०च्या आसपास. चढण दिसते, नाही? आता हाच हिशेब उलटा वाचा. आई आजारी असूनही शंभरातल्या सुमारे ९० मुलांना हा आजार होत नाही! आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना तो कधी झालेलाच नसतो.

पण ही चढण रक्तामुळे की आजारी आईजवळ वाढल्यामुळे? अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी हे शोधलं. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं त्यांनी निवडली. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत ती आईपासून वेगळी होऊन दुसरीकडे वाढली होती. तुलनेला अशाच रीतीने वाढलेली, पण आजारी नसलेल्या आयांची ५० मुलं. १९६६ साली निकाल छापला गेला. पहिल्या गटात पाच जणांना आजार, दुसऱ्या गटात एकालाही नाही. ज्या आईचा सहवास लाभला नाही, तिचा वारसा मात्र पोचला होता.

म्हणजे सगळं रक्तातच? मग एकसारख्या जुळ्यांचं काय? दोघांचा जनुकांचा साठा जवळजवळ तोच, तरी एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, किंबहुना थोडी कमीच!

नीरेच्या काठी ऊस लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ऊस टिपरीपासून लावतात, म्हणून को ८६०३२ या वाणाचं अख्खं रान म्हणजे एकमेकांची जुळी भावंडंच. तरी सरीच्या एका टोकाला ऊस हातभर पुढे असतो आणि चोपण पट्ट्यात खुरटतो. बेणं तेच, पण पाणी, माती, लावणीची वेळ वेगळी.

पुढची गोष्ट तर याहून भारी. जुळ्यांतला जो निरोगी राहिला, त्याच्या मुलांचं काय होतं? डेन्मार्कमधल्या जुळ्यांवर गॉटेसमन आणि बर्टेलसेन यांनी केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. आजारी जुळ्याच्या मुलांना जेवढा धोका, जवळपास तेवढाच निरोगी जुळ्याच्या मुलांनाही! माणूस उभा जन्म ठणठणीत राहिला, तरी त्याच्यातला वारसा गुपचूप पुढे गेला.

मग तो वारसा आहे तरी कुठे? एखादं 'वेडाचं जनुक' शोधू पाहणाऱ्यांच्या हाती ते लागलं नाही. २०२२ साली ७६ हजारांहून अधिक रुग्णांचे जनुकीय नमुने तपासले गेले, तेव्हा सापडल्या २८७ जागा. एकेकीचा परिणाम चिमूटभर. यातले धोक्याकडे झुकणारे काही बदल तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. डाग नसलेलं कूळ शोधायला निघालात, तर मुलगा बिनलग्नाचाच राहायचा.

यातल्या सी-फोर या जनुकाची करामत २०१६ साली उलगडू लागली. वयात येताना मेंदू आपल्या पेशींमधले जादा सांधे छाटतो. कोणता सांधा काढायचा यावर खूण करण्यात सी-फोरचा हात असतो. ते जास्त जोरात असेल, तर छाटणी प्रमाणाबाहेर जात असावी, असा अंदाज आहे. आजार बहुधा ऐन तारुण्यात का डोकं वर काढतो, याचा एक धागा इथे सापडतो.

आणि परिस्थिती? ती तर आईच्या पोटातच हात दाखवते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तिच्या कडेलोटाच्या काळात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं.

मग आजार घरात आलाच, तर? मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. शक्यतांचा हिशेब हाच त्यांचा विषय, आणि आजार आला तो पत्नीला. त्यांनी तो झाकून ठेवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही ते उभे राहिले.

तेव्हा मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारायच्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. विचारायचंच असेल, तर आपल्याच घरात विचारा. पोरगं एकटं बडबडतंय का, झोप उडालीय का, मित्र तुटलेत का? असेल तर देवऋषीकडे महिने घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. उपचार जितके लवकर, तितका माणूस सावरण्याची आशा जास्त. कुठे जायचं कळत नसेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते.