उडते यंत्र स्वतः बांधताना



ड्रोन हा शब्द आता कोणास नवा राहिलेला नाही. लग्नमंडपावर घोंगावणारे ड्रोन आपण पाहिले आहेत, पिकांवर औषध फवारणारे पाहिले आहेत, आणि २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून त्यांच्या संहाराच्या बातम्याही वाचल्या आहेत. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत ते यंत्र याच कुळातले, पण छंदाचे. त्याच्या नाकाशी एक इवलासा कॅमेरा असतो. त्याने टिपलेले चित्र त्याच क्षणी रेडिओलहरींवरून खाली येते आणि उडविणाऱ्याच्या डोळ्यांवरील चष्म्यात उमटते. माणूस मैदानावर खुर्ची टाकून बसलेला, आणि नजर मात्र आंब्याच्या शेंड्यावर! यालाच एफपीव्ही म्हणतात. म्हणजे जणू यंत्रातच बसून, चालकाच्या नजरेने उडणे.

कामगार संघटनेच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या कचेरीत दर रविवारी कामगारांची काही मुले हे यंत्र बांधावयास जमतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जुने आहे. कारखान्यात हल्ली यंत्र येते ते मोहोरबंद पेटीसारखे. बटण दाबायचे कामगाराने, आणि पेटी उघडायची कंपनीच्या माणसाने. ज्याला यंत्र उघडता येत नाही त्याची किंमत बटणाइतकीच धरली जाते, हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळदा पाहिले आहे. हे छोटे यंत्र मात्र उघडल्यावाचून गत्यंतर नाही, कारण ते पडतेच. नवख्याच्या हातून तर वारंवार पडते. ज्याने ते बांधले असेल तो रात्री दुरुस्त करून सकाळी पुन्हा उडवितो. बाकीच्यांचे यंत्र फळीवर धूळ खात पडते.

तेव्हा प्रथम हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. कार्बन फायबरचा एक चौफुल्यासारखा सांगाडा, त्याच्या चार भुजांवर चार मोटरी आणि चार पंखे. पंखा एका दिशेने फिरला की सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन मोटरी एका दिशेने फिरवितात, उरलेल्या दोन विरुद्ध दिशेने. चौघींची ओढ एकमेकींत जिरते. पुढे जायचे तर मागच्या दोन मोटरी जोरात फिरवायच्या, यंत्र पुढे झुकते आणि सरकते. जागच्या जागी वळायचे तर एका कर्णावरची जोडी वाढवायची, दुसरी कमी करायची. सुकाणू नाही, शेपूट नाही. सारा कारभार चार मोटरींच्या वेगाचा.

हा वेग सेकंदाला हजारो वेळा सांभाळणे माणसाच्या हाताला शक्य नाही. ते काम मधोमध बसविलेली एक चौकोनी पट्टी करते. तिला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. तिच्यावर जायरोस्कोप असतो. हाताने काय मागितले आणि सांगाडा प्रत्यक्षात कसा कलला, याचा मेळ ती अखंड घालीत असते. तिच्याखालची दुसरी पट्टी, ईएससी, बॅटरीची वीज मोटरीच्या तीन तारांत आळीपाळीने सोडते. यांखेरीज हातातल्या ट्रान्समीटरची आज्ञा ऐकणारा रिसीव्हर, कॅमेरा, आणि चित्र खाली धाडणारा व्हिडिओ ट्रान्समीटर. बस्स, एवढाच संसार.

या पट्टीतील अक्कल कोठून आली, ही कथाही ऐकण्याजोगी आहे. २०१० च्या सुमारास एका फ्रेंच छंदिष्टाने निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळाच्या साधनातील जायरो काढून चार पंखांच्या यंत्राला लावला आणि त्याची आज्ञावली सर्वांना खुली केली. ती मल्टीवी. पुढे इतरांनी तिच्यावरून बेसफ्लाइट, त्यावरून क्लीनफ्लाइट आणि त्यावरून बीटाफ्लाइट रचली. आज नवखा मनुष्य जी बीटाफ्लाइट फुकट उतरवून घेतो, तिच्यात अनेक देशांतील अनोळखी माणसांचे श्रम आहेत, आणि तिचा प्रत्येक शब्द उघडून वाचता येतो. मोहोरबंद पेटीच्या नेमकी उलट ही गोष्ट!

आता सुरुवात. बहुतेक जण आधी सुटे भाग मागवितात आणि मग शिकू लागतात. आमचे सांगणे आहे की क्रम उलटा ठेवावा.

पहिली खरेदी ट्रान्समीटरची. चांगला ट्रान्समीटर तारेने संगणकाला जोडता येतो. लिफ्टऑफ किंवा व्हेलोसीड्रोन यांसारख्या सिम्युलेटरवर निदान पंधरा-वीस तास हात बसवावा. या यंत्राचा खरा ढंग असा की दांडी सोडली तरी ते आपोआप सरळ होत नाही. कललेले तसेच राहते. ही सवय पडद्यावर पडून, आपटून लागते, आणि तेथे आपटण्यास पैसे पडत नाहीत. शिवाय ट्रान्समीटर आणि चष्मा या टिकाऊ वस्तू आहेत. सांगाडे मोडतील, पंखे तर मूठमूठभर मोडतील, पण ही दोन साधने पुढच्या यंत्रालाही चालतील. म्हणून पैसा तेथे घालावा.

दुसरी गोष्ट सोल्डरिंग. आपल्या आयाबहिणींना कल्हई ठाऊक आहे. भांडे तापवायचे, नवसागर फिरवायचा, मग कथील पसरते. थंड भांड्यावर कथिलाचा नुसता गोळा होतो. येथेही तेच तत्त्व. तारेच्या टोकाला आणि पट्टीवरच्या जागेला आधी कथलाचा हात द्यावा, दोन्ही तापवावी, मगच जोड द्यावा. नवसागर मात्र येथे चालत नाही, तो तांबे खातो. त्याच्या जागी राळेचा फ्लक्स वापरतात. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि नवख्याच्या हाताला सोपे जाते. धूर मात्र नाकात घेऊ नये, आणि काम आटोपल्यावर हात धुवावे. जोड चकचकीत, सुबक उतरला पाहिजे. आधी टाकाऊ पट्टीवर पन्नास जोड द्यावे, मग खऱ्या पट्टीला हात लावावा.

तिसरी गोष्ट पहिला वीजप्रवाह. कार्बन फायबरमधून वीज वाहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उघडी तार सांगाड्याला टेकली की काम आटोपले. मोटरीचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर तो आतील वेटोळ्याला जाऊन भिडतो. म्हणून बॅटरी लावण्यापूर्वी मीटरने धन आणि ऋण टोकांमध्ये शॉर्ट नाही ना हे तपासावे. पहिल्या खेपेस बॅटरी ‘स्मोक स्टॉपर’मधून लावावी; चूक असेल तर तो प्रवाह अडवितो आणि पट्टी वाचते. अँटेना लावल्याखेरीज व्हिडिओ ट्रान्समीटर सुरू करू नये, तो जळू शकतो.

आणि टेबलावर काम चालू असता पंखे कधीही लावलेले असू नयेत. हिशेब करून पाहा. पाच इंची पंख्याच्या यंत्राच्या मोटरीवर १७५० केव्ही असे लिहिलेले असते. म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला १७५० फेरे. सहा सेलची भरलेली बॅटरी २५.२ व्होल्टांची. गुणाकार ४४,१०० होतो. पंखा लावल्यावर वेग याहून कमी होतो खरा, पण बोटाला तो फरक कळत नाही. यंत्रशाळेत बोटे गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. छंदापायी कोणी त्यांत भर घालू नये.

चौथी गोष्ट बॅटरी. लिथियम पॉलिमरचा प्रत्येक सेल भरला असता ४.२ व्होल्टांचा असतो. दर सेलला ३.५ व्होल्ट उरले की खाली उतरावे. काही दिवस उडवायचे नसेल तर सुमारे ३.८ व्होल्टांवर आणून ठेवावी. चार्ज करताना सेलांचा समतोल राखणारा चार्जर वापरावा, जवळ राहावे, रात्री लावून झोपू नये. फुगलेली किंवा भोसकली गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती पेटली म्हणजे भडका उडतो, आणि चाळीत एक खोली पेटली की ती एकट्याची खोली राहत नाही.

यंत्र कोणते घ्यावे? घरात शिकण्यास तळहाताएवढे, पंख्यांभोवती कडी असलेले, एका सेलचे ‘व्हूप’ उत्तम. बांधणी शिकण्यास पाच इंची; त्यात जागा ऐसपैस, आणि भाग सर्वत्र मिळतात. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने काही अपवाद सोडता तयार ड्रोनांची आयात बंद केली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. बांधणाऱ्याला ही गोष्ट सोयीचीच झाली.

कायद्याचेही भान हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि व्यापारासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, चालकाच्या परवान्यातून सूट दिलेली आहे. बॅटरीसह पाच इंची यंत्र या दुसऱ्या वर्गात बसते. परवाना नको याचा अर्थ नियम नको असा नव्हे. नोंदणीची अट निराळी आहे, ती आधी समजून घ्यावी. आणि सरकारी हवाई नकाशावर आपली जागा हिरवी, पिवळी की लाल हे पाहावे. पुणेकरांनी तर अधिकच, कारण लोहगावला हवाई दलाचा तळ आहे आणि खडकवासल्याला संरक्षण प्रबोधिनी.

पहिले उड्डाण मोकळ्या माळावर, माणसांपासून व गुरांपासून दूर. चष्मा चढविला की उडविणारा भोवतालच्या जगाला आंधळा होतो. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा एक साथीदार उभा असावा, आणि त्याने ‘उतर’ म्हटले की वाद न घालता उतरावे. संघटनेत शिकलेली ही शिस्त येथेही लागू पडते.

उड्डाण पाचेक मिनिटांचे. त्यासाठी हे सारे कष्ट? आमच्या रविवारच्या मुलांना हे विचारले तर ती उत्तर देत नाहीत. मोडलेली भुजा बदलण्यात गुंतलेली असतात. कोणता स्क्रू कोठला हे त्यांना आता विचारावे लागत नाही. उद्या ती कोणत्याही कारखान्यात गेली तरी बंद पेटीपुढे गप्प उभी राहणार नाहीत, एवढी आमची खात्री आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी त्यास प्रथम ट्रान्समीटर घेऊन द्यावा. बॅटरी मात्र आपल्या नजरेखाली ठेवावी.