कुत्र्याचे दिवस

दादा रोमला शिकत होता, तेव्हाची गोष्ट. ऑगस्टात त्याचे पत्र आले, "इथे सध्या 'डॉग डेज' चालू आहेत." मी इंग्रजी दुसरीतला पंडित! आईला लगेच अर्थ सांगितला, "दादाचे कुत्र्याचे दिवस चालू आहेत." झाले! दोन दिवस आईला घास गोड लागेना.

अखेर शेजारच्या मास्तरांनी उलगडा केला. हा कुत्रा आकाशातला! मृगामागे धावणारा आपला व्याध, तोच पाश्चात्त्यांचा श्वानतारा. ग्रीकांनी त्याला 'सिरियस', म्हणजे होरपळविणारा, म्हटले. प्राचीन काळी ऐन उन्हाळ्यात तो सूर्याच्या आगेमागे उगवे. एवढा तेजस्वी तारा सूर्याच्या तापात भर घालतो, अशी रोमन लोकांची समजूत. म्हणून ते 'कुत्र्याचे दिवस'! वास्तविक तो 8.6 प्रकाशवर्षे दूर. त्याची ऊब इथवर कुठली पोचायला? मिसरात मात्र तोच नाईलच्या पुराची वर्दी देई.

"म्हणजे नुसता उन्हाळाच ना?" आईने डोळे पुसले.

त्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला उठवून तिने मला आधी अंगणात नेले. दक्षिणेला व्याध लखलखत होता.

"तो बघ दादाचा कुत्रा," ती म्हणाली, "आता तिकडे थंडी पडली असेल, नाही रे?"