तंबोऱ्याची लाख आणि विमानाचा रंग

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला पॉलिश होताना जरूर पाहावं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्यानं लाकडावर घासतात. स्पिरिट उडून जातं, लाखेचा पापुद्रा उरतो. तो वाळला की पुन्हा हात. कितीही हात दिले तरी थर पातळच राहायला हवा. तबलीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या दर्शनी लाकडी पाटीवर, तो जाड झाला तर तिचं वजन वाढतं, कंपनं लवकर विरतात, स्वर दबतो.

वजनाची हीच धास्ती विमान रंगवणाऱ्यांनाही असते. मोठ्या विमानावर नुसत्या रंगाचा भार काहीशे किलो होतो आणि तो प्रत्येक उड्डाणात इंधन खातो. म्हणूनच नवा रंग देण्याआधी बहुधा जुना पूर्ण उतरवतात. अमेरिकन एअरलाइन्सची विमानं तर 2013 पर्यंत बव्हंशी बिनरंगाची, चकाकत्या धातूचीच उडत होती.

मोटारीला ही चिंता फारशी नाही आणि तिची रंगवण्याची रीतही वेगळी. तिचा पोलादी सांगाडा कारखान्यात रंगाच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहानं रंग कानाकोपऱ्यात बसवतात आणि भट्टीत भाजतात. वरचे थरही 140 अंश सेल्सिअसच्या आसपास पक्के होतात. विमानाला अशी भट्टी चालत नाही. त्याच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला बळकटी येते ती नेमक्या उष्णतोपचारातून. पुन्हा तापवलं तर ती घटण्याचा धोका. म्हणून दोन घटक ऐनवेळी मिसळून फवारलेला पॉलियुरेथेन रंग भट्टीविना, रासायनिक क्रियेनंच घट्ट होतो.

आणि त्याची परीक्षा केवढी! 11 किलोमीटर उंचीवर उणे 55 अंशांची थंडी, प्रखर अतिनील किरणं, खाली उतरताच धावपट्टीवरचं ऊन. आतल्या हवेच्या दाबानं सांगाडा दर उड्डाणात किंचित फुगतो, पुन्हा आकसतो. रंगात लवचीकपणा नसेल तर भेगा पडतात आणि ओल थेट धातूपर्यंत पोचते.

असा रंग एकदा घट्ट झाला की स्पिरिटनं विरघळत नाही. लाख विरघळते. हा तिचा दोष खरा, पण मोठा गुणही तोच: नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, दुरुस्तीचा सांधा दिसत नाही. घरात लाखेचं पॉलिश असलेला जुना तंबोरा असेल तर त्यावर मोटारीचा रंग मारून घेऊ नका. जाणत्या कारागिराकडून लाखेचाच हात द्या.