शितावरून भाताची परीक्षा

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ साली सरकारी गणनेनुसार १६ ते १८ वाघ होते. दुसऱ्याच वर्षी, २००५ मध्ये, तेथे एकही वाघ उरलेला नाही हे सिद्ध झाले. शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले होते आणि कागदावरील वाघ मात्र सुखरूप होते. या प्रकरणानंतर देशभर खळबळ माजली, पंतप्रधानांनी व्याघ्र कृती दल नेमले आणि वाघ मोजण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. शिकाऱ्यांच्या क्रौर्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु या घटनेत दडलेला दुसरा प्रश्न तितकाच गंभीर होता. जे सगळेच्या सगळे मोजता येत नाही, त्याचा खरा आकडा कसा काढायचा?

हा प्रश्न केवळ वनखात्याचा नाही. देशातील गरिबांची संख्या ठरवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला तो पडतो, जिल्ह्यात ज्वारी किती पिकली हे सांगू पाहणाऱ्या सांख्यिकीतज्ज्ञाला पडतो आणि माणसाचा आवाज तारेतून पाठवणाऱ्या विद्युत अभियंत्यालाही पडतो. चौघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, परिभाषा वेगळी. तरीही विसाव्या शतकात या चारही शाखांनी आपापल्या वाटेने एकच गोष्ट शोधून काढली. मराठी घरांत ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते. मात्र शीत कसे उचलले, यावर त्या परीक्षेचे सारे मोल अवलंबून असते.

पातेल्यातील भात उकळत असताना खालचे तांदूळ वर आणि वरचे खाली जात असतात. म्हणूनच कोणतेही एक शीत साऱ्या पातेल्याचे प्रतिनिधी ठरते. समाज, शेत किंवा जंगल असे आपोआप ढवळले जात नाही. श्रीमंत एका वस्तीत राहतात, गरीब दुसऱ्या; पाण्याजवळचे पीक जोमदार असते, माळावरचे खुरटे. तेथे ढवळण्याचे काम संशोधकाला स्वतः करावे लागते. नॉर्वेचे सांख्यिकीतज्ज्ञ आंडर्स किएर यांनी १८९५ साली बर्न येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत निवडक नमुन्यावरून संपूर्ण देशाचे चित्र काढता येईल, असे मांडले तेव्हा अनेक विद्वानांनी त्यास विरोध केला. पुढे १९३४ साली जेर्झी नेमन यांनी लंडनमध्ये वाचलेल्या निबंधाने या वादाला गणिती पाया दिला. नमुना माणसाच्या मर्जीने निवडू नये, तो चिठ्ठ्या टाकून निवडावा, हे त्याचे सार. चिठ्ठीला ओळखपाळख नसते आणि तिची चूक किती असू शकेल हे गणिताने आधीच सांगता येते.

याचा धडा जगाला दोनच वर्षांत मिळाला. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतदारांना पत्रे पाठवली. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून रूझवेल्ट हरणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. महामंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी दूरध्वनी होता, ते सामान्य मतदार नव्हते. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचीही मते सारखी नव्हती. जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. पातेल्याच्या एकाच बाजूची वीस लाख शिते चाचपूनही भाताविषयी काही कळत नाही, ते असे.

येथे सामान्य वाचकाला एक शंका हमखास येते. शंभर कोटींच्या देशात हजारभर माणसांना विचारून काय कळणार? गणिताचे उत्तर मात्र निर्विवाद आहे. नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडला असेल, तर हजार माणसांच्या उत्तरातील संभाव्य चूक साधारण तीन टक्क्यांच्या आत राहते, मग ती माणसे पुणे शहरातून घेतलेली असोत वा संपूर्ण भारतातून. आमटीची चव पाहायला वाटीला जितका लागतो तितकाच चमचा पंगतीच्या पातेल्यालाही पुरतो, फक्त आमटी नीट ढवळलेली हवी. चूक निम्मी करायची असेल तर मात्र नमुना दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो.

भारतात या शास्त्राची पायाभरणी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी केली. १९३१ साली कलकत्त्यात त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, बंगालमधील तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी हाती घेतली आणि पुढे १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन पदवी घेऊन परतले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध रूप दिले. शेतातील एक तुकडा यदृच्छेने ठरवायचा, तेवढेच पीक कापून, झोडून, वजन करायचे आणि अशा अनेक तुकड्यांवरून जिल्ह्याचे उत्पादन काढायचे, अशी ही पद्धत.

तुकडा किती मोठा असावा, यावरून महालनोबीस आणि सुखात्मे या दोन दिग्गजांत वाद झाला. महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण त्यांत श्रम कमी आणि संख्या अधिक. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून दाखवून दिले की, फार लहान तुकडे उत्पादन फुगवून सांगतात. कारण अगदी साधे आहे. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. पाच मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याला ती एक मीटरहूनही कमी, म्हणजे ०.८ मीटर असते. तुकडा जितका लहान, तितका कडेचा लोभ मोठा. ही चूक नमुन्यांची संख्या वाढवून कमी होत नाही. हजार वेळा केली तरी ती एकाच दिशेला होते.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. २०१६ पासून लागू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत एखाद्या महसूल मंडळाचे किंवा गावाचे सरासरी उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा मोठा आधार घेतला गेला आहे. ती सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली, तरच भरपाई. मोजणीतच पीक फुगले, तर ज्याच्या शेतात खरोखर काही उरले नाही त्या शेतकऱ्याला विम्याचा पैसा मिळत नाही. कडेवरच्या चार रोपांचा हिशेब असा एखाद्या घराच्या वर्षभराच्या पोटापर्यंत जाऊन पोहोचतो.

विद्युत अभियंत्यांपुढील कोडे वरकरणी निराळे होते. आवाज ही अखंड लहर. ती जशीच्या तशी दूरवर पाठवताना वाटेतील खरखर तिच्यात मिसळते. त्याऐवजी लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून केवळ आकडे पाठवले तर? मग मोजमापांच्या मधल्या क्षणांत काय घडले, हे कसे कळणार? हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, व्लादिमीर कोतेल्निकोव यांनी १९३३ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये केलेल्या कामातून याचे उत्तर मिळाले. लहरीतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मधले काहीही हरवत नाही. मूळ लहर पुन्हा तंतोतंत उभी करता येते. दूरध्वनीवरील संभाषणासाठी चार हजारांच्या आतील कंपने पुरतात, म्हणून सेकंदाला आठ हजार नमुने घेतले जातात. माणसाचा कान सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून संगीताच्या सीडीसाठी ही संख्या ४४,१०० ठेवण्यात आली.

नमुने याहून संथ गतीने घेतले तर माहिती नुसती अपुरी पडत नाही, ती खोटी होते. चित्रपटात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, ते याचेच उदाहरण. कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रे घेतो, चाकाचे आरे त्या अवधीत जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोहोचतात आणि डोळ्याला उलटी गती दिसते. प्रत्येक चित्र खरे, पण सगळी मिळून सांगतात ते असत्य.

अर्थशास्त्रालाही हे चाक परिचित आहे. शेतमजुराच्या घरातील खर्च वर्षभर सारखा नसतो. सुगीत हातात पैसा असतो, पावसाळ्याच्या तोंडाशी कणगी रिकामी असते. पाहणी केवळ सुगीनंतर केली, तर उपासमार असलेले गावही खाऊनपिऊन सुखी दिसेल. म्हणूनच राष्ट्रीय नमुना पाहणीचे वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार भागांत विभागलेले असते. अभियंत्याने लहरीबाबत जी खबरदारी घेतली, तीच येथे ऋतूंबाबत घ्यावी लागते.

तेवढी खबरदारी घेऊनही प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली तर काय होते, हे १९९९-२००० च्या पाहणीने दाखवून दिले. पूर्वी अन्नधान्यावरील खर्च गेल्या तीस दिवसांचा विचारला जात असे. या फेरीत तीस दिवसांबरोबर गेल्या सात दिवसांचा खर्चही त्याच कुटुंबांना विचारण्यात आला. दोन रकाने शेजारी आल्याने एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळवून घेण्याची शक्यता निर्माण झाली. सरकारी आकड्यांनुसार १९९३-९४ मधील ३६ टक्के दारिद्र्य या पाहणीत २६ टक्क्यांवर आले. शंभर कोटींच्या देशात एक टक्का म्हणजे एक कोटी माणसे. ती खरोखर दारिद्र्यातून वर आली, की प्रश्नावलीने त्यांना वर काढले, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. पुढे २०१५ चे नोबेल मिळवणारे अँगस डीटन यांनी ज्या वस्तूंबाबतचे प्रश्न बदललेले नव्हते त्यांच्या खर्चाच्या आधारे हिशेब पुन्हा मांडला. घट झाली होती, पण तिचा काही भाग प्रश्नावलीचा होता, असे त्यातून दिसले.

आता पुन्हा वाघांकडे. जुन्या पद्धतीत वनरक्षक पायाच्या ठशाची काचेवर रेघ उमटवून ती कागदावर घेत आणि ठशांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो असे गृहीत धरत. मातीच्या ओलाव्याने ठसा बदलतो, रेघ काढणाऱ्याच्या हातानेही बदलतो. त्याहून मोठा दोष असा की, न दिसलेले वाघ किती, याचा विचारच तीत नव्हता. त्याचे उत्तर डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून सुचवले होते. समजा तळ्यातून २० मासे पकडून, खूण करून सोडले. काही दिवसांनी ३० पकडले तर त्यांत खुणेचे ६ निघाले. म्हणजे खुणेचे मासे पाचात एक. खुणेचे एकूण २० असतील, तर तळ्यात सुमारे १०० मासे असावेत. मासे मधल्या काळात पाण्यात चांगले मिसळले पाहिजेत, ही अट येथेही आहेच.

वाघाला खूण करावी लागत नाही, त्याचे पट्टे हीच त्याची सही. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे वाटांवर कॅमेरे लावून हे गणित वाघांना लागू केले आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. सरिस्कानंतर देशाने याच विचारावर आधारलेली पद्धत स्वीकारली. २००२ च्या ठसेगणनेत ३,६४२ वाघ होते, २००६ च्या नव्या अंदाजात १,४११. मधल्या चार वर्षांत दोन हजारांहून अधिक वाघ मेले, असा याचा अर्थ नव्हे. जुन्या आकड्यावर विसंबता येत नव्हते, हा आहे. २०१८ मध्ये २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून २,४६१ वाघांची प्रत्यक्ष छायाचित्रे मिळाली आणि एकूण अंदाज २,९६७ चा निघाला. २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला, त्यात महाराष्ट्राचे ४४४. मात्र अहवालात या एका आकड्याबरोबर ३,१६७ ते ३,९२५ अशी मर्यादाही दिलेली आहे. भाषणांत आणि मथळ्यांत ती सहसा गळून पडते.

प्रामाणिक अंदाज आपल्या चुकीची मर्यादा बरोबर घेऊन येतो. सरिस्काच्या कागदावरील वाघांना अशी मर्यादा नव्हती, कारण ती सांगू शकेल असे शास्त्रच त्यामागे नव्हते. नमुना पाहणीला आणखी एक आधार लागतो, तो म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यासाठी पूर्ण यादी. आपल्या घरोघरच्या पाहण्यांची यादी जनगणनेतून येते. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. मधल्या काळात शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्त्यांची नोंद जुन्या यादीत कशी असणार? जे यादीतच नाहीत, त्यांची चिठ्ठी कधीच निघत नाही.

पीक, दारिद्र्य, वाघ, पाऊस, मतदान असे आकडे रोज सकाळी वृत्तपत्रांतून समोर येतात. आकडा किती मोठा, यापेक्षा शीत कोणी उचलले, कोठून उचलले आणि त्याआधी पातेले ढवळले होते की नाही, हे विचारण्याची सवय वाचकाने लावून घेतली, तर कागदावरचे वाघ फार काळ जिवंत राहणार नाहीत.