गोळ्यांची बाटली आणि उसाचा फड

दसरा-दिवाळी उरकली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह, भांडीकुंडी घेऊन ट्रकात बसतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, गावाकडे फिरकत नाहीत. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांची, एक बाटली ३० गोळ्यांची, महिनाभराची. ही बाटली आणि तो हंगाम यांचा मेळ घालणं हेच नगर जिल्ह्यातल्या एचआयव्ही उपचाराचं सर्वांत अवघड काम आहे, असं मला वाटतं.

सरकारी कार्यक्रमातून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ रुग्णालयांत सुरू झाली. सुरुवातीला रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध मिळे. त्याआधी आलेल्याला ‘सध्या गरज नाही, तपासणीला येत राहा’ असं सांगितलं जाई. अंगात बळ असलेला माणूस कशाला येत राहील? नाव नोंदलं जायचं, माणूस निसटायचा आणि परत यायचा तो क्षयरोगाने पोखरलेला. २०१७ साली ‘तपासा आणि उपचार करा’ हे धोरण आलं, तेव्हा ही गळती बुजली. आता अहवाल आला की पेशींच्या आकड्याची वाट न पाहता उपचार सुरू होतात.

पुढची, म्हणजे उपचार सुरू झाल्यावरची, गळती मात्र औषधाने बुजत नाही. आता बहुतेकांना रोज एकच गोळी लागते. त्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असतात. ती नेमाने घेतली तर विषाणू रक्ततपासणीत सापडेनासा होतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

आणि खंड पडायला कारणं किती! नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १४ तालुक्यांचा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगरच्या ‘सिव्हिल’ला यायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर आणि बुडालेली मजुरी. म्हणून जवळच्या रुग्णालयात गोळ्या देणारी लिंक एआरटी केंद्रं आली. स्थिरावलेल्या रुग्णाला एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येऊ लागल्या. फडाजवळचं केंद्र ठाऊक असेल तर तिकडे बदलीही करून देता येते. पण फडावरच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, ना दार ना कपाट. शेजारणीने बाटली पाहिली तर? या भीतीने बाटली गावीच राहते.

तारीख उलटून गेलेल्यांची यादी निघते, फोन लागत नाही, मग कार्यकर्ता गाव गाठतो. ‘विहान’ प्रकल्पातून २०१३पासून देशभर हे काम चाललं आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेचं बंधन घातलं आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे वेशीवर विचारपूस करताना आजाराचा उच्चार करता येत नाही. माणूस शोधायचा, पण का शोधतोय ते कुणाला कळू द्यायचं नाही. या कामाला फार मोठं कसब लागतं. त्याची दखल कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या कुष्ठरोग्यांच्या दारी जात, उपचार सुटू देत नसत. पाठपुराव्याचं हे शहाणपण या मातीला नवं नाही.

ज्यांना घरच उरलं नाही, त्यांच्यासाठी नगरमध्ये ‘स्नेहालय’ आहे. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी सुरू केलेलं हे काम पुढे एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांपर्यंत आणि स्त्रियांपर्यंत पोचलं. जिथे गोळी लपवावी लागत नाही, अशी जागा मिळणं हाही उपचारच.

बाकीच्यांसाठी समुपदेशकाचं टेबल असतं. दसरा जवळ आला की तिथे रक्ताच्या अहवालाइतकाच मोलाचा प्रश्न विचारायचा असतो: “ताई, औंदा कोणता कारखाना?”