वाईन: दुकानाच्या फळीपासून तिसऱ्यांच्या पातेल्यापर्यंत

‘वाईन काही आपल्याला आवडली नाही’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणांनी चांगली वाईन चुकीच्या तापमानाला प्यायलेली असते. आपल्या हवेत हीच गोष्ट सगळ्यात जास्त नडते. दुकानातली तापलेली फळी, उन्हात उभ्या गाडीची डिकी, शेगडीच्या वरचं कपाट, यांतलं काहीही बाटलीचा घात करायला पुरेसं आहे. म्हणून महागडी बाटली घेण्याआधी तापमान सांभाळायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली पायरी निवडीची. गोव्याच्या पोर्टपासून ज्यांची सुरुवात झाली, त्यांना पुढची पहिली ‘ड्राय’ रेड आंबट-तुरट लागते आणि बाटली खराब निघाली असं वाटतं. ती खराब नसते. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी वाईन गोड असते, तर ड्राय म्हणजे द्राक्षांचा रस आंबताना जिच्यातली साखर जवळजवळ संपून गेली आहे अशी वाईन. मधला टप्पा म्हणून नाशिकची शेनिन ब्लां घ्यावी. ही पांढरी वाईन आपल्याकडे बऱ्याचदा किंचित गोडसर ठेवतात. ती रुळली की सॉव्हिन्यों ब्लां घेऊन पाहावी. ही जास्त आंबटसर असते आणि हिला हिरव्या पानांचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. रेडमध्ये शिराझपासून सुरुवात करावी.

परदेशी बाटलीच चांगली, हा समज सोडून द्यावा. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. आज नाशिकच्या आसपास आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडेही रोजच्या जेवणाला शोभेल अशी वाईन होते. आयात बाटलीच्या किमतीत सीमाशुल्काचा वाटा मोठा असतो. शिवाय तिने लांबचा, कदाचित तापलेला प्रवास केलेला असतो.

लेबलावर छापलेलं वर्ष द्राक्षतोडणीचं असतं. युरोपात तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. मग जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. त्यामुळे या वर्षीच्या द्राक्षांची पांढरी वाईन याच वर्षीच्या दिवाळीत आपल्या टेबलावर असू शकते. पांढरी आणि गुलाबी, म्हणजे रोझे, दोनेक वर्षांत संपवावी. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे थोड्याच वाईनना लागू पडतं, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षं थंड, अंधारी जागा लागते. दुकानात उन्हाच्या पट्ट्यात उभी असलेली तीन वर्षांपूर्वीची पांढरी बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर बाटली सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, रेड असली तरी. काही आठवड्यांसाठी यापेक्षा चांगली जागा आपल्या घरात नसते. फ्रिजच्या माथ्यावर ठेवू नये. तिथे उष्णताही लागते आणि थरथरही. बुचाची बाटली जास्त दिवस ठेवायची असेल तर आडवी ठेवावी, नाहीतर बूच सुकून आक्रसतं आणि हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाला ही अडचण नाही. ते झाकण हलक्या प्रतीचं लक्षण मुळीच नव्हे.

आता तापमान. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा नियम आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो जिथे तयार झाला, त्या युरोपातल्या जुन्या दगडी घरांतली खोली १६ ते १८ अंशांची असायची. मे महिन्यातली पुण्याची किंवा नागपूरची खोली ३२ अंशांच्या वर असते. इतक्या गरम रेडमधून आधी अल्कोहोलची झणझणीत वाफ नाकात जाते आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. फ्रिजमधल्या रेडला बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं द्यावीत. फ्रिजबाहेर होती तर आधी अर्धा-पाऊण तास आत ठेवावी. पांढरी आणि रोझे ८ ते १२ अंशांना चांगली लागते, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशी वेळ आली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटांत ती गार होते. नुसत्या बर्फाने होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात, पाणी मात्र सगळीकडून टेकतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली फुटू शकते, हेही ध्यानात ठेवावं.

बूच काढताना चूक होते ती पहिल्या वेढ्यालाच. स्क्रूचं टोक बुचाच्या मध्यावर ठेवून सरळ आत फिरवावं. ते तिरकं गेलं की बूच मोडतं. शेवटचा एक वेढा बाहेरच ठेवावा, नाहीतर स्क्रू आरपार जाऊन भुगा वाईनमध्ये पडतो. पडला तर स्वच्छ गाळणीतून गाळून घ्यावी, चवीत फरक पडत नाही. बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाईनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्या बाटलीत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असू शकतो. ती पूर्ण गार करावी, तार सैल करतानाही बुचावरचा अंगठा काढू नये, तोंड माणसांपासून दूर धरावं, आणि बूच धरून बाटली फिरवावी. ती हलवून बूच उडवायचं खूळ डोळ्यावर बेतू शकतं.

ग्लास एक-तृतीयांशच भरावा आणि दांडीला धरावा. वरची मोकळी जागा वासासाठी असते. ग्लास टेबलावरच हलके गोल फिरवून आधी वास घ्यावा, मग घोट घेऊन तो तोंडभर फिरू द्यावा. रेडने हिरड्या आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते, ते टॅनिनमुळे. हे द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं तुरट द्रव्य. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहात जाणवतं तेही टॅनिनच.

याच टॅनिनमुळे आपल्या जेवणाशी रेडचं बिनसतं. मिरचीची आग टॅनिनने आणि अल्कोहोलने वाढते, कमी होत नाही. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्नेसारखी भारी रेड दिली की दोन्हींची चव जाते. तिखटाबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन किंवा रोझे द्यावी. तळलेल्या बोंबलाबरोबर, कोथिंबीर वडीबरोबर किंवा साबुदाणा वड्याबरोबर स्पार्कलिंग उत्तम जाते, कारण तिचा आंबटपणा तेलकटपणा धुऊन काढतो. शिराझ सुक्या मटणाबरोबर किंवा भाजलेल्या कबाबांबरोबर ठेवावी.

रेस्टॉरंटमध्ये बरेच जण संकोचतात ते वेटर ग्लासात दोन चमचे ओतून उभा राहतो तेव्हा. आपल्याला परीक्षेला बसवलंय असं वाटतं. खरं तर तो एवढंच विचारत असतो, की बाटली खराब तर नाही ना? त्याआधी तो लेबल दाखवतो. आपण मागवलेलंच नाव आणि वर्ष आहे ना, ते वाचून घ्यावं. मग नुसता वास घेतला तरी चालतं. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर बुचाचा दोष आहे. व्हिनेगरसारखा आला, किंवा पांढरी वाईन तपकिरी झाली असेल, तर ती बिघडलेली आहे. बाटली निःसंकोच परत करावी. मात्र चव आवडली नाही म्हणून ती परत करता येत नाही.

ग्लासने मागवत असाल तर ‘बाटली कधी उघडली?’ असं आधी विचारावं. तीन-चार दिवसांपूर्वी उघडून काउंटरवर ठेवलेल्या वाईनचे पैसे देण्यात अर्थ नाही. रेड कोमट आली तर बर्फाची बादली मागावी. वेटरला नवल वाटलं तरी मागावी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, त्यामुळे तिघे-चौघे असाल तर बाटली परवडते का, तो हिशेब करून पाहावा.

उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तीन-चार दिवस टिकते. तेवढ्यात संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी. एकेक खडा भाजीत टाकायला उपयोगी पडतो.

स्वयंपाकाला तीच वाईन वापरावी जी आपण पिऊ. आटताना तिच्या चवी घट्ट होतात, वाईटसुद्धा. भांडं स्टीलचं घ्यावं. लोखंडी कढईत किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाईनचं आम्ल धातू खातं आणि रस्सा कळकतो.

सुरुवातीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, कराव्यात, कारण चुकायला जागा कमी. काही वाचक शिवल्या म्हणतील. एक किलो तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवाव्यात, म्हणजे पोटातली वाळू सुटते. फुटक्या, आणि उघड्या असून टिचकी मारल्यावर न मिटणाऱ्या, टाकून द्याव्यात. पातेल्यात दोन चमचे तेलावर सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या टाकाव्यात. लसूण लालसर होऊ देऊ नये, कडू होते. १५० मिलिलिटर सॉव्हिन्यों ब्लां ओतून मिनिटभर खळखळू द्यावी, तिसऱ्या घालून झाकण लावावं आणि आच मोठी ठेवावी.

एकशिपीसाठी, म्हणजे एकाच शिंपेसकट शिजवायच्या असतील तर, आपण तिसऱ्या विळीवर उघडतो. इथे ते काम वाफ करते. चार-पाच मिनिटांत शिंपल्या एकेक करून उघडतात आणि आतलं खारं पाणी वाईनमध्ये मिसळतं. म्हणूनच मीठ आधी घालायचं नाही, चाखून मग. वरून मूठभर कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. न उघडलेल्या काढून टाकाव्यात आणि रस्सा पावाने पुसून खावा. लसूण, कोथिंबीर आणि तिसऱ्या हे त्रिकूट पोर्तुगालमध्येही आवडीचं आहे.

शाकाहारी घरात हेच मशरूमचं करावं. लोण्यावर लसूण आणि मशरूम चांगले परतून, त्यांचं पाणी आटल्यावर अर्धी वाटी पांढरी वाईन घालावी आणि ती जवळजवळ आटू द्यावी. क्रीम घालायचं असेल तर वाईन आटल्यानंतर, मंद आचेवर. आधी घातलं तर ते फाटू शकतं.

एक गैरसमज मात्र घातक आहे: शिजवलं की अल्कोहोल उडून जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं उकळल्यावरही सुमारे ४० टक्के अल्कोहोल पदार्थात उरतं, आणि तासाभरानंतर सुमारे २५ टक्के. आपल्या तिसऱ्या तर जेमतेम पाच-सहा मिनिटं शिजलेल्या असतात. म्हणून लहान मुलांना, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्यांना हा पदार्थ वाढू नये, आणि जे श्रद्धेने किंवा निश्चयाने दारूला शिवत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी भाजी करावी. पानं मांडण्याआधीच ‘यात वाईन आहे’ असं प्रत्येक पाहुण्याला आपणहून सांगावं.